माधवनगरात मोहरीचं तेल

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. घरोघरचा फराळ डब्याच्या तळाला गेला होता, आणि मी सकाळच्या गाडीने मिरज जंक्शनला उतरलो. पुढचा बेत साधा होता. मिरज, कुपवाड, माधवनगर आणि संध्याकाळी सांगलीला कृष्णेचा घाट. सरळ गेलं तर तासाभराची वाट, पण मी तिला अख्खा दिवस देणार होतो. निमित्त एका स्नेह्याच्या फोनचं. 'माधवनगरात आता मोहरीचं तेल शेंगतेलाच्या शेजारी मांडतात,' असं तो सहज बोलून गेला होता. सांगली भाग माहीत असलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. इथे तेल म्हणजे शेंगतेल. मोहरी फोडणीत तडतडण्यापुरती. तिचं तेल कोणी नुसतं डोक्याला चोळलं तरी शेजारचे विचारतील, काय हो, सर्दी झाली का?

मिरज हे मुळात गाड्या बदलण्याचं गाव. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकेकाळी इथे नांदत होते. आज रूळ एकाच मापाचे आहेत, पण भाषांची अदलाबदल चालूच आहे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस इथे थांबते आणि पुढे गयेवरून जाते. बंगळूरची राणी चन्नम्मा इथे मिळते, निजामुद्दीनची गोवा एक्स्प्रेसही इथूनच जाते. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की दहा मिनिटांत चार भाषा कानावरून जातात, आणि टपरीवाला चौघांनाही त्यांच्या भाषेत साखर कमी की जास्त ते विचारतो.

स्टेशनाकडून दवाखान्यांच्या रस्त्याला लागलो. डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभं केलं आणि मिरजेच्या नशिबाला वेगळीच कलाटणी मिळाली. सतारी आणि तंबोरे घडवणारं गाव दुखण्याखुपण्याची राजधानी झालं. अथणी, जमखंडी, विजापूर, बागलकोट या पट्ट्यातले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक असतात. त्यांना जेवण लागतं, चादर लागते, थर्मास लागतो, आणि पेशंट बरा झाला की घरी न्यायला केळी आणि साडी लागते.

एका औषधाच्या दुकानात मी बाम घेण्याच्या निमित्ताने रेंगाळलो. धोतर-पटक्यातले एक आजोबा सुनेला घेऊन आले. दुकानातला पोरगा उठून म्हणाला, 'बर्री, कुंदर्री.' या, बसा. त्याने गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने एका बाजूला सूर्य काढला, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर, आणि सुनेला बजावलं, 'ऊटा आद म्याले.' जेवण झाल्यावर. पोरगा बोलीवरून अस्सल मिरजेचा. कन्नड कुठे शिकलास, असं विचारलं तर म्हणाला, 'शिकायचं काय त्यात? गिऱ्हाइकानंच शिकवलं. मला आलं नाही तर ते पुढच्या दुकानात जातंय की.'

२०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या चाळीस गावांवरच्या हक्काचा विषय उकरून काढला आणि दोन्हीकडचं राजकारण महिनाभर तापलं. बसवर काळं फासण्यापर्यंत गोष्टी गेल्या. त्या महिन्यातसुद्धा मिरजेच्या गल्ल्यांमधून गोळ्या कन्नडातच समजावल्या गेल्या असणार, याबद्दल मला शंका नाही. दुकानदार देशभक्त असतो, पण दुकान उघडल्यावर तो आधी दुकानदार असतो.

मिरजेहून वडाप धरून कुपवाडला गेलो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची वस्ती पाच लाखांवर गेली होती. तीन भावांत सांगलीकडे व्यापार, मिरजेकडे दवाखाने आणि कुपवाडकडे कारखाने, अशी वाटणी. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागताच बोली बदलते. आता कन्नड मागे पडते आणि हिंदी सुरू होते. तीही एकसारखी नाही. कोणी भोजपुरी बोलतं, कोणी अवधी, कोणाची बोली ओडियाच्या अंगाने जाते. रस्त्याकडेच्या गाड्यावर लिट्टी-चोखा होता. शेजारीच वडापाव. दोन्ही गाड्यांवर मिरची एकाच परातीतून उचलली जात होती.

कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. एका खोलीत पाच-सहाजण, काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे, त्यामुळे अंथरूण कधी थंड होत नाही. अशा खोलीचा बाजार ठरलेला असतो. तांदूळ, बटाटा, तेल, मसाल्याची पुडी, खैनी, मोबाइलचं रिचार्ज. उरलेला पैसा गावाला. पूर्वी मनिऑर्डरीसाठी पोस्टात रांग लागायची, मग 'पैसा भेजा जाता है' अशा पाट्यांची दुकानं आली, आता फोनवर बोट टेकवलं की पैसा बिहारातल्या सिवानला पोचतो. अशा माणसाला इथला दुकानदार इतकी वर्षं गिऱ्हाईक मानतच नव्हता. सुटी पुडी घेणारा, सहा महिन्यांनी निघून जाणारा, त्याच्यासाठी कोण वेगळा माल भरणार?

हे बदललं कधी, असं मी कुपवाडातल्या एका भांडीवाल्याला विचारलं. सूर्य डोक्यावर आला होता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलला. 'एकटा गडी असला तर कढई घेतोय. बायको आली की कुकर घेतोय. पोरगं झालं की मग काय विचारू नका.' त्याच्या कपाटाच्या तीन फळ्या नुसत्या कुकरच्या होत्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हंगामी स्थलांतर आणि कायमचं स्थलांतर यांतला फरक दोन पानं खर्चून सांगतात. भांडीवाल्याने तो तीन वाक्यांत संपवला.

कुकर आला की बाकीचं मागोमाग येतं. शेगडी, पंखा, भिंतीवरचा आरसा, शाळेचं दप्तर, हप्त्यावरची दुचाकी. त्यात रेशनचीही मदत झाली. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याचा प्रयोग ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. गावाकडच्या कार्डावर धान्य इथे मिळू लागलं की तांदळाचे पैसे सुटतात आणि ते दुसऱ्या कशाला तरी लागतात. मग आला २०२०चा मे, टाळेबंदीचा. मिरजेहून श्रमिक गाड्या उत्तरेकडे सुटल्या आणि या खोल्यांना कुलपं लागली. उधारीच्या वहीतली किती पानं हिंदी बोलतात, हे दुकानदारांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. गेलेली माणसं परत आली तेव्हा त्यांतले बरेचजण बायकामुलांसह आले.

कुपवाडहून माधवनगर लांब नाही. सांगलीच्या उत्तरेला, तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. शहर त्याला येऊन भिडलं आहे, तरी ते महापालिकेत नाही, त्याची ग्रामपंचायत वेगळी. बाहेरून येणाऱ्याला रस्त्यात कुठेच शीव दिसत नाही. आधी तर त्याहून गंमत होती. सकाळपासून मी जेवढा फिरलो त्यात पटवर्धनांची तीन संस्थानं येऊन गेली. थोरल्या पातीचं मिरज, सांगली, आणि माधवनगरला लागून असलेलं बुधगाव, म्हणजे धाकट्या पातीच्या मिरज संस्थानची राजधानी. सायकलवरून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तीन राजांच्या मुलखातून जाऊन यायचा. १९४८ साली सगळी संस्थानं विलीन झाली आणि परराज्यातला म्हणजे कोण, हा प्रश्न जरा लांबच्या माणसांपुरता उरला.

माधवनगर ही संस्थानी काळात आखून वसवलेली व्यापारी पेठ. सरळ रस्ते, काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या, आणि पुण्याच्या वळणावर वारांची नावं लावलेल्या पेठा. आपोआप वाढलेल्या गावाला असा काटकोन नसतो. काही घरांना अजून लाकडी खांबांचे सोपे आहेत आणि खाली दुकानांचे फळ्या लावायचे दरवाजे. पेठ वसवायची तर व्यापारी हवेत, आणि व्यापारी आले ते गुजरात, मारवाड, कर्नाटक अशा चहूबाजूंनी. पुढे कापडगिरणी झाली, माधवनगर कॉटन मिल, तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळं चालली. गिरणी बंद पडली, यंत्रमाग मात्र राहिले. दुपारच्या शांततेत एखाद्या गल्लीत शिरलं की बंद दारामागून खटक-खटक-खटक ऐकू येतं. त्या आवाजाला थांबा नाही. बोलायचं असलं तर मागवाला तुम्हाला हाताने खूण करून बाहेर नेतो.

स्नेह्याने सांगितलेलं दुकान अशाच एका गल्लीच्या तोंडाशी होतं. मोहरीचं तेल खरोखरच पुढच्या फळीवर होतं. दोनशे मिलिपासून पाच लिटरपर्यंतच्या बाटल्या, पिवळ्याजर्द, मागे शेंगतेलाचे डबे. शेजारी सत्तूची पाकिटं, काळे हरभरे, सोयाबीनच्या वड्या, उसना तांदूळ, एका बरणीत खैनी आणि तिच्याबरोबर चुन्याच्या ट्यूब. वर टांगलेल्या माळेत पाच रुपयांचे शाम्पू. मालक पन्नाशीचे, कपाळावर केशरी टिळा. बोली अस्सल सांगलीची, पण पाटीवरचं आडनाव गुजराती. पणजोबा पेठ वसली तेव्हा आले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

'पयल्यांदा दोन बाटल्या आणल्या, एका पोरानं लई मागं लागून,' ते सांगू लागले. 'म्हटलं, पडून राहतील. चार दिवसांत संपल्या. मग बारा. आता खोकी येतात. अहो, ते लोक भाजी त्यात करतात, अंगाला लावतात, लहान पोराला मालिश त्यातच. एका घरात आमच्या दोन घरांएवढं तेल जातंय.' बोलताबोलता त्यांनी एका बाईला हिंदीत सांगितलं, 'वो छोटावाला संपलाय, कल आयेगा.' बाईला ते नीट समजलं. 'संपलाय' हा शब्द आता माधवनगरच्या हिंदीत कायमचा राहायला आला आहे.

उधारीची वही त्यांनी मला लांबूनच दाखवली. गावच्या गिऱ्हाइकांची पानं आडनावाने, बाहेरच्यांची कामाने. लूमवाला मोठा. लूमवाला चष्मा. टाइल्सवाला. पाणीपुरी. सेंटरिंग. एका पानावर 'पाणीपुरी' खोडून त्यावर नीट नाव आणि आडनाव लिहिलं होतं. हे का, म्हणून विचारलं तर म्हणाले, 'त्यानं इकडं गुंठाभर जागा घेतली.'

मी गमतीने म्हटलं, म्हणजे तुमच्या पणजोबांसारखं झालं. ते हसले, पण लगेच म्हणाले, 'तसं नाही हो. आम्ही व्यापाराला आलो. हे बाहेरचे लोक.' मी वाद घातला नाही. शंभर वर्षांनी आपण कुठून आलो याचा हिशेब माणूस आपल्या सोयीने मांडतो, आणि त्यात सगळे आले. तुम्ही, मी, सगळेच.

दुकानातून बाहेर पडताना मला अमेरिका आठवली, आणि हे वाटतं तेवढं लांबचं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली स्पेनहून पोर्तो रिकोमार्गे आलेल्या एका जोडप्याने आपल्या भाषेच्या शेजाऱ्यांसाठी ऑलिव्ह, त्याचं तेल आणि सार्डिन मासे विकायला सुरुवात केली. त्या गोया कंपनीचे डबे आज अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात असतात. स्पॅनिश बोलणाऱ्या या समाजाला तिथे हिस्पॅनिक म्हणतात. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या सहा कोटी वीस लाखांच्या घरात, म्हणजे दर शंभरातली जवळजवळ एकोणीस माणसं. शिकागोच्या सव्विसाव्या रस्त्यावर मेक्सिकन दुकानांची रांगच्या रांग आहे. या लोकांना देशात ठेवावं की नाही यावर तिथे निवडणुका लढवल्या जातात, आणि त्याच वेळी मोठमोठ्या कंपन्या त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये जाहिराती करतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साल्सा चटणीची विक्री टोमॅटो केचपच्या पुढे गेली, तेव्हा कोणी मतदान घेतलं नव्हतं. आपल्याकडे हेच सोलापुरात तेलुगू विणकरांमुळे कितीतरी आधी घडून गेलं. माधवनगरात ते आत्ता, दोनशे मिलिच्या बाटलीपासून सुरू आहे.

मागाच्या कारखान्यात एक तिशीचा कामगार भेटला. तो तीन माग एकटा सांभाळत होता. धागा तुटला की माग थांबतो, आणि तो न पाहता, नुसत्या आवाजाच्या फरकावरून त्या मागापाशी पोचतो, दोन बोटांत टोकं धरून गाठ मारतो, मागाला हलकी थाप देऊन पुढे जातो. बाहेर येऊन तोंडावर पाणी मारल्यावर त्याने सांगितलं, मुलगी इथल्या मराठी शाळेत दुसरीत आहे. घरी ती आईला मराठीत रागावते. यंदा छठला, बिहारकडच्या त्या सूर्यपूजेच्या सणाला, गावी का गेला नाहीत, असं विचारलं. त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मला दिवसभरात सर्वांत नवं होतं. 'जिसका घर उधर है वो उधर जाता है. हमारा तो अब इधर ही होगा.'

मला तिथे कळलं की आकडे मोजायची गरज नाही. छठला जो गाडीत बसतो तो पाहुणा. जो इथल्या नदीवर पूजेचं सूप घेऊन जातो तो इथलं गिऱ्हाईक.

माधवनगरहून पुढे रस्ता तासगावला आणि तिथून विट्याकडे जातो. त्या बाजूला मी गेलो नाही, पण तिकडे पाहिल्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतून सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर पांगले आहेत. केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत बाजारपेठेच्या गावात सराफ कट्ट्यामागे त्यांची भट्टी असते. दुष्काळाने त्यांना बाहेर काढलं आणि आम्लाच्या धुराने त्यांना घर बांधून दिलं. गावच्या जत्रेला आले की विट्याच्या रस्त्यावर अर्ध्या हिंदुस्थानच्या नंबरप्लेटा दिसतात. तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या वहीत त्यांचंही नाव 'गलाई मराठा' असंच लिहिलं असेल, आडनावाशिवाय.

दुपार कलली तेव्हा सांगलीत आलो. सांगलीचा बाजार हळदीचा. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही तिचं नाव देशभर होतंच. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं बुडाली. बाजारात आजवर मी पाहिली ती वाळलेली, उकडून पॉलिश केलेली हळकुंडं. त्या संध्याकाळी नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला मात्र मी भलतीच हळद पाहिली. हिरव्या लांब पानांसकट, मुळाशी ओली माती असलेली अख्खी रोपं, जुडी बांधून रस्त्यावर विकायला ठेवली होती.

छठच्या सुपात नारळ, केळी, मुळा, रताळं, ऊस यांच्याबरोबर हळदीचं आणि आल्याचं पानांसकट रोप लागतं. बिहारात त्यासाठी बाजारभर धावावं लागत असेल. इथे कार्तिकात हळद रानात उभी असते. काढणी दोन-तीन महिने लांब. ऊस तर बांधावरून मोडून घ्यावा. विकायला बसलेला पोरगा जवळच्याच गावचा शेतकरी. गेल्या वर्षी एका बिगाऱ्याने त्याच्या रानात येऊन दहा रोपं मागितली, त्याला वाटलं औषधाला हवी असतील. यंदा तो स्वतःच पन्नास जुड्या घेऊन आला होता. हळकुंडाचा भाव रोज मार्केट यार्डात ठरतो, हळदीच्या पानाला भाव असतो हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं.

त्याच्या पलीकडे एक बुरूड आजी सुपं आणि टोपल्या घेऊन बसल्या होत्या. प्लास्टिकने हा धंदा मोडून काढला. लग्नसराईतल्या चार सुपांवर वर्ष निघत नाही. आजी म्हणाल्या, 'ही बिहारची माणसं घासाघीस लई करत्यात, पण प्लास्टिक घेत नाहीत. देवाला चालत न्हाई म्हणं.' एका बाईने टोपलीची वीण बोटांनी चाचपून पाहिली, 'थोड़ा और बड़ा,' म्हणाली, आणि आजींनी पाठीमागच्या ढिगातून मोठी काढली. मोठ्या टोपल्या त्यांनी मुद्दाम विणून आणल्या होत्या.

घाटावर पोचलो तेव्हा आयर्विन पुलाच्या कमानी केशरी झाल्या होत्या. १९२९ सालचा हा पूल सांगलीने कितीतरी पुरांत पाण्याची पातळी मोजायला वापरला आहे. पायऱ्यांवर उसाचे खोपे उभे होते, सुपांत ठेकुआ, केळीचे घड आणि सकाळपासून ज्याच्यामागे फिरत होतो तो पिवळा-हिरवा रंग. बायका गुडघाभर पाण्यात, नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदूर, तोंड मावळतीला. काठावर सांगलीची माणसं फोनवर चित्रीकरण करत होती. एक वयस्कर गृहस्थ मात्र चित्रीकरण न करता ओरडत होते, 'ताई, पुढं जाऊ नका, मगर आहे हां!' आणि ते खोटं नव्हतं, कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. बायका हसून एक पायरी मागे आल्या.

मला तिथे १८४२ सालची गोष्ट आठवली. कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. राजे चिंतामणराव आप्पासाहेबांनी तो खेळ पाहिला आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसं मराठीत करायला सांगितलं. पुढच्या वर्षी 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी नाटकाची सुरुवात म्हणून ज्याचा आपण सोहळा करतो, त्याचं बी बाहेरून आलेल्या, कन्नड बोलणाऱ्या माणसांच्या बिऱ्हाडातून पडलं होतं.

सूर्य बुडाला, दुधाचं अर्घ्य पाण्यात गेलं, आणि माणसं सुपं झाकून परत निघाली. मागावरचा कामगार गर्दीत दिसला. एका खांद्यावर ऊस, दुसऱ्यावर मुलगी. ती जोरात मराठीत ओरडत होती, 'बाबा, मला भडंग पाहिजे.' दुसरं अर्घ्य पहाटेचं असतं, त्यासाठी सगळे पुन्हा येणार होते. ते आटोपून त्याला सातला पाळी धरायची होती.